एकाच ओंडक्याच्या दोन तुळया

घंटा वाजवायचं काम आमच्या घराण्याकडे होतं. ते कुणी आम्हाला दिलं नव्हतं, त्यामुळे कुणी काढून घेईल असंही मला वाटत नव्हतं.

माझा आजा गावचा येसकर. वेशीपाशी काठी घेऊन उभं राहायचं, पाटलाचा निरोप घेऊन फिरायचं, दारोदार भाकरी मागायची. म्हातारपणी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि काठी खाली ठेवली. मग माझ्या बापाने घंटेचा दोर हातात घेतला. बाप गेला तेव्हा तो दोर माझ्याकडे आला. ख्रिस्ती झालो आणि वतनं सोडली असं आमचे लोक छाती काढून सांगत. आमच्या घराने वतन सोडलं नव्हतं, बदलून घेतलं होतं. हे मला आता दिसतं. तेव्हा कुणी दाखवलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

आमचं गाव पाथर्डीकडच्या कोरड्या अंगाला. गावाच्या उगवतीला आमचा ख्रिस्तीवाडा आणि त्यात मिशनची एक पत्र्याची खोली. सहा दिवस ती शाळा असायची, रविवारी देऊळ. खोलीपुढे दोन दगडी खांब, खांबांवर आडवी सागवानी तुळई आणि तुळईला घंटा. ही घंटा जहाजातून आली, आगगाडीतून नगरला आली आणि तिथून बैलगाडीतून आमच्याकडे. मारुतीच्या देवळातली घंटा हिच्यापुढे शेळीच्या गळ्यातली, असं आम्ही म्हणायचो. मारुतीची घंटा आमच्यातल्या कुणी जवळून पाहिलेली नव्हती. तिथं जायची आम्हाला मुभा नव्हती.

गावच्या आडावरही नव्हती. म्हणून मागच्या एका दुष्काळात मिशनने वाड्यासाठी वेगळी विहीर खणून दिली. त्याच सुमाराला नगरात एक जुना बंगला पाडला आणि त्यातनं एक लांबलचक सागवानी ओंडका निघाला. माझा बाप तो गाडीत घालून घेऊन आला. सुताराने तो मधोमध कापला. बुडख्याकडचा जाड भाग घंटेला गेला, शेंड्याकडचा बारीक भाग विहिरीला. एकाच दिवशी दोन्ही तुळया चढल्या. एकीला घंटा टांगली, दुसरीला कप्पी.

पुढे विहिरीच्या तुळईकडे कुणी बघितलं नाही. घंटेच्या तुळईकडे मी बघत होतो. दर शनिवारी करडईचं तेल लावायचो. नाताळाला गेरूचा हात द्यायचो आणि झेंडूची माळ घालायचो. पोरांना खांबाला टेकू द्यायचो नाही. बाळंतीण पहिल्यांदा देवळात आली की पोराचं कपाळ त्या खांबाला लावायची. ते मी शिकवलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं. एकदा वरच्या आळीच्या एका शेतकऱ्याचा चुकलेला बैल सापडला, तर तो येऊन आमच्या खांबापुढे नारळ फोडून गेला. मी त्याला चांगला झापला. म्हटलं, आमच्यात हे चालत नाही. मग आम्ही नारळ खाल्ला.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मोजून मिळायचं, लोखंड मिळायचंच नाही. पाळकसाहेब पाथर्डीहून महिन्यातून एक रविवार सायकलवर यायचे आणि प्रभुभोजन देऊन जायचे. एका महिन्यात त्यांनी यशया संदेष्ट्याचा धडा घेतला. एक माणूस रानातनं झाड तोडतो. अर्ध्या लाकडाचा जाळ करून शेकतो, त्यावर भाकरी भाजतो, पोटभर जेवतो. उरलेल्या अर्ध्याचा देव करतो आणि त्याच्या पाया पडून म्हणतो, मला तार.

मंडळी हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेरच्या रस्त्याने गावातली माणसं चालली होती. त्यांना ऐकू जावं असा माझा हेतू होता.

पाळकसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "हसा. पण एक ध्यानात ठेवा. हा संदेष्टा परक्यांच्या वेशीत जाऊन बोलला नाही. जे मंदिरात गात होते, यज्ञ करत होते, आपण देवाचे लाडके म्हणून मिरवत होते, त्यांच्यात उभा राहून बोलला."

पुढचं मी ऐकलं नाही. उपासना सुटल्याची घंटा द्यायची वेळ झाली होती.

घरी जाताना बायको मागून चालत होती. म्हणाली, "आवं, त्या मानसानं अर्ध्या लाकडावर भाकरी भाजली, न्हव का?"

"व्हय. येडं."

"आन् ऱ्हायलेल्या अर्ध्याला त्याल लावलं?"

"तेलाचं शास्त्रात काय न्हाई."

"आसं व्हय," ती म्हणाली.

एवढंच. विहिरीत पोहरा सोडावा तशी ती बोलायची. सोडून द्यायची आणि तळाला जाईपर्यंत गप्प बसायची.

चैत्रात विहिरीची तुळई वाकली. ओल्या दोराचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून ती आतनं कुजली होती. एका सकाळी तिला अशी चीर गेली की आत बोट जाईल. पंचकाकांनी कप्पी सोडवून ठेवली. पंचकाका म्हणजे मंडळीचे सगळ्यांत जुने पंच, चुलते नव्हेत, पण सगळ्यांवर चुलत्यासारखे ओरडायचे. तेव्हापासून बायका काठावर वाकून हातावर पाणी ओढायला लागल्या. उन्हाळ्याने पाणी तळाला गेलेलं. माझ्या बायकोला सातवा महिना होता. भाकरी वाढताना तिचा तळहात मला दिसला. सालटं निघालं होतं. मी बघितलं आणि भाकरी खाल्ली.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत सगळे बसले. पंचकाका म्हणाले, "लाकडं समदी लढाईवर गेल्याती. सुतार म्हनतो, औंदा सागाचं नाव काढू नका."

कोपऱ्यातनं आत्याबाई बोलल्या. त्या एकट्या राहायच्या, केस पांढरे, आवाज सुताराच्या करवतीसारखा. "इतकं काय डोकं धरून बसलाय? घंटंचं लाकूड काढा की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी म्हणालो, "देवाच्या वस्तूला हात लावायचा?"

"लाकडाला लावायचा."

"मग घंटा काय जमिनीवर ठिवायची?"

"आमी जमिनीवरच बसतो की रं," आत्याबाई म्हणाल्या. "आमाला काय झालं?"

बायका पदरात हसल्या. माझी बायको हसली नाही, जमिनीकडे बघत बसली. ते मला जास्त लागलं. मी उभा राहून सांगितलं, "घंटंला कुनी शिवायचं न्हाई. लाकूड मी आनतो."

दुसऱ्या दिवशी बांधावरची बाभूळ तोडली. सरळ बाभूळ मिळणं अवघड, पण मिळाली. सुताराने तिच्यावर नख रोवून बघितलं.

"ओली हाय दादा. सावलीत वाळू दे, मग बघू."

"तवर बाया काय तहानेल्या ऱ्हातील?"

"मग घंटंचं लाकूड..."

"तू तुजं काम कर."

त्याने केलं. कप्पी चढली. मी बायकोला म्हणालो, "बघ. तुज्या जल्मात मोडायची न्हाई."

ती म्हणाली, "बरं."

उन्हाने बाभळीला पीळ पडायला लागला. मला तो रोज दिसत होता. मी विहिरीकडे जायचं बंद केलं.

मग पाळकसाहेबांचा रविवार आला. आमच्यात उपासनेआधी दोन घंटा असायच्या. पहिली आवरून घ्यायची, दुसरी जमायची. पहिली मी दिली आणि दोर खांबाला गुंडाळतोय तोवर विहिरीकडनं कडाड आवाज आला, मागनं बायकांचा ओरडा. धावत गेलो. बाभूळ मधोमध पिळून मोडली होती आणि कप्पी, दोर, पोहरा सगळं तळाला गेलं होतं. लागलं कुणाला नव्हतं. आत्याबाई खाली आपटून बसल्या होत्या आणि तिथूनच माझ्याकडे बघत होत्या.

"काय मोडायचं न्हाई म्हनाला हुतास?"

मी काठावरच्या दगडी खांबाला दुसरा दोर बांधला आणि सदरा काढला.

"आज शब्बाथ हाय, काम करायचं न्हाई," पंचकाका म्हणाले.

"दुसऱ्या घंटंच्या आत कप्पी वर आनतो," मी म्हणालो आणि उतरलो.

तळाला गुडघाभर पाणी आणि त्याखाली चिखल. हाताने चाचपत कप्पी काढली, पोहऱ्यात घातली आणि पोहरा दोराला बांधला. बायकांनी ओढून घेतला. मी हाक दिली, "आता दोर सोडा."

दोर आला नाही.

वर बघितलं. भाकरीएवढं आभाळ आणि त्याच्या कडेने डोकी. मधलं डोकं माझ्या बायकोचं.

"लाकडाचं काय?" तिने विचारलं.

"कुठलं लाकूड?"

"बाबळीचं न्हाई. दुसरं."

"दोर सोड."

"सोडते की. लाकडाचं सांगा."

तिने लग्नानंतर पहिल्यांदाच मला असं अडवलं होतं, आणि जागा चांगली निवडली होती. मी पंचकाकांना हाक मारली. त्यांचं डोकं आलं.

"काका, ह्यांना सांगा. घंटंची येळ झाली."

पंचकाकांनी विचार केला. "शब्बाथ दिवशी इहिरीत बैल पडला तर काढावा, आसं प्रभूनं सांगितलंय."

"मग काढा की!" आत्याबाई म्हणाल्या. "ह्याच्यापरीस बैल कुठनं आनायचा?"

वर हशा झाला. विहिरीत हशा घुमतो. वरच्या माणसांना ते ठाऊक नसतं.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. पाळकसाहेब आले, काठावर वाकले. विजारीची क्लिप अजून पायाला होती.

"सलाम, दादा."

"सलाम, पाळकसाहेब. ह्या बायांना समजवा."

त्यांनी सगळं विचारून घेतलं. काय मोडलं, काय मागतात, मी काय म्हणतो. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "यिर्मया संदेष्टाही चिखलाच्या टाक्यात काही काळ होता. आम्ही उपासनेला लागतो." आणि गेले.

मी घाबरलो नाही. माझा हिशेब सरळ होता. दुसरी घंटा दिल्याशिवाय मंडळी जमत नाही. माझ्याशिवाय घंटेला कुणी हात लावत नाही, तसा मी कुणाला लावूच दिला नव्हता. म्हणजे मला वर काढल्याशिवाय उपासना सुरू होणार नव्हती. पाण्यात एका पायावरनं दुसऱ्या पायावर भार देत मी उभा राहिलो. भिंतीच्या कपारीत एक बेडूक होता, तोही वाट बघत होता.

मग ढोलकीवर थाप पडली. टाळ वाजले. आणि भजन सुरू झालं.

घंटा झाली नव्हती. मी नीट कान दिला होता. घंटा झालीच नव्हती, आणि सगळे जमले होते. कुणाचा सूर चुकला नव्हता. आत्याबाईंचा आवाज तर सगळ्यांच्या वर होता. दुसरं भजन झालं, मग प्रार्थना झाली असावी, कारण गप्प झालं. मला वाटत होतं देव थांबेल. देव थांबला नाही. त्याला घंटा लागत होती असं शास्त्रात कुठे लिहिलेलं मला तेव्हाही आठवलं नाही आणि पुढे शोधूनही सापडलं नाही.

मी चिखलात उभा राहून बापाच्या ओंडक्याचा विचार केला. अर्धा पाणी देत होता. त्याला आम्ही कुजू दिलं. अर्धा नुसता उंच होता. त्याला मी तेल लावलं. त्या यशयाच्या येड्याने निदान भाकरी तरी भाजून घेतली होती.

वर बघितलं. एकच डोकं उरलं होतं.

"तू गेली न्हाईस?"

"दोर कुनी धरायचा?" बायको म्हणाली.

ती काठावर बसली होती, पोट सांभाळून, हातात दोराचं वेटोळं. उपासना चुकवून. आमच्या लग्नानंतर तिची चुकलेली ती पहिली उपासना, आणि माझीही.

"लाकूड घ्या," मी म्हणालो.

"काय म्हनला?"

"लाकूड."

"खालनं नीट ऐकू येत न्हाई."

"लाकूड घ्या म्हनलं!"

विहिरीने ते चांगलं उचललं. शाळेत ऐकू गेलं. पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवून 'आमेन' म्हटलं, असं पंचकाका मरेपर्यंत सांगत होते. मला ते खरं वाटत नाही.

दोर खाली आला. दोराच्या मागनं तिच्या जुन्या लुगड्याचा एक फाडलेला तुकडा आला, दोन भाग केलेला.

"हाताला गुंडाळा," ती म्हणाली. "दोर कापतो. मला ठाव हाय."

मी गुंडाळले आणि चढून आलो.  तिने मला सदरा दिला.

उपासना सुटल्यावर सुतार पुढे आला, तर मी त्याला बाजूला केलं. घंटा मीच उतरवणार होतो. माझ्या बापाने चढवली होती, दुसऱ्याने कुणी उतरवायची नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, "हाही अभिमानच, दादा." मी म्हटलं, "व्हय. धरा तिकडनं." त्यांनी बाह्या वर केल्या आणि घंटेखाली खांदा दिला.

तुळई विहिरीवर नेली आणि कुजक्या तुळईशेजारी ठेवली. सुताराने दोन्हींची टोकं जुळवली. मधल्या कापाशी लाकडाची रेघ रेघेला मिळाली, फक्त एक बाजू काळी आणि भुसभुशीत, दुसरी तेलाने लखलखीत. सगळ्या मंडळीने ते बघितलं. कुणी काही बोललं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आत्याबाईंचाही. त्यांना जड गेलं असणार.

घंटा आठवडाभर शाळेच्या कोपऱ्यात होती. मग ती अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगली. रविवारी मी वाजवली. आवाज तोच. फरक ऐकायचा मी खूप प्रयत्न केला.

त्यानंतर मी संदेष्टे वाचायला घेतले. माझी शाळा तिसरीपर्यंत, अक्षराखाली बोट धरून वाचतो, त्यामुळे घाई होत नाही. मला वाटायचं ते सगळे दुसऱ्यांच्या देवांवर तुटून पडलेत. वाचून बघितलं तर दुसऱ्यांना थोडकं आणि घरच्यांना फार. आमोस संदेष्ट्याचं तर असं की तुमची गाणी बंद करा, मला ऐकवत नाहीत, आधी न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आमच्याकडे वाहायला पाणीच नव्हतं, पण बोलणं कळलं. परक्याच्या मूर्तीला हसायला अक्कल लागत नाही. ती दिसते. आपली दिसत नाही, कारण तिला आपण मूर्ती म्हणत नाही. देवाची वस्तू म्हणतो, बापाची आठवण म्हणतो, मंडळीची इभ्रत म्हणतो. ती वाईट वस्तू असायचीही गरज नाही. माझी घंटा चांगलीच होती. मोशेने रानात केलेला पितळी सापही चांगलाच होता, देवाने सांगितला म्हणून केलेला. पुढे लोक त्याला धूप दाखवायला लागले म्हणून एका राजाला तो फोडावा लागला.

आता माझं वय झालं. मंडळ्यांतून बोलावतात, जातो. कुठे नवीन व्यासपीठ दाखवतात, कुठे पेटी, कुठे फरशीवर कोरलेली देणाऱ्यांची नावं. मी चांगलं आहे म्हणतो. मग विचारतो, पाणी कुठनं भरता? लोकांना वाटतं म्हाताऱ्याला तहान लागली. तांब्या आणून देतात. मी पितो.

त्या आषाढात मुलगी झाली. पावसाने विहिरीचं पाणी वर आलं आणि दोर आखूड लागायला लागला. शनिवार आला की माझ्या हाताला तेलाची सवय. एका शनिवारी मी तेलाची वाटी घेऊन विहिरीवर गेलो आणि तुळईला तेल लावायला लागलो. ओल्या दोराखाली असते, कुजू नये म्हणून. ते बरोबरच होतं. दुसऱ्या वाटीत गेरू होता.

बायको पाणी भरत होती. मुलगी झोळीत. कप्पी कुरकुरत होती, पोहरा वर येत होता. तिने आधी पोहरा काठावर घेतला, घागर भरली, मग माझ्या दोन्ही वाट्यांकडे बघितलं.

"त्याल लावा," ती म्हणाली. "गेरू ऱ्हाऊ द्या."

मी गेरूची वाटी उचलून बाजूला ठेवली. तेलाचे मात्र दोन हात दिले.